महिषासुर पडत नाही

बाचा उजवा हात मांडीवर निपचित पडलेला होता आणि डाव्या हाताने तो मला राक्षस शिकवत होता.

"मान खाली. अजून खाली. रेडा मान वर करून चालतो का कधी?"

"रेडा धोतर नेसून तरी कुठं चालतो, बा?"

"तोंड बंद. सोंगाला तोंड नसतं."

गोठ्यात आम्ही दोघंच होतो. गुरं चरायला गेलेली, दाराशी आई राखण करत बसलेली. बा खांबाला टेकून पाटावर बसला होता. आदल्या आषाढात भाताची लावणी करताना तो चिखलात आडवा झाला आणि उठला तो अर्धाच. उजवी बाजू गेली ती गेलीच. जीभ तेवढी दोन महिन्यांनी परत आली, थोडी वाकडी. तो डावा पाय आपटायचा, "हा पाय," म्हणायचा. मग डावा खांदा उडवायचा, "आता हा खांदा." मी समोर उभी राहून तो करील तसं करायची. असे आठ दिवस चालले होते.

बोहाडा म्हणजे काय ते खालच्या मुलखातल्या माणसाला सांगावं लागतं, म्हणून सांगते. आमच्या डोंगरातल्या गावांत देवादिकांचे आणि राक्षसांचे लाकडी मुखवटे असतात. त्यांना आम्ही सोंगं म्हणतो. एकेक सोंग एकेका घराकडे. गणपती एकाकडे, रावण दुसऱ्याकडे, असे पिढ्यान्‌पिढ्या वाटून दिलेले मान. चैत्रात सांबळ वाजायला लागला की सोंगं बाहेर पडतात आणि देवीच्या देवळापुढच्या रिंगणात नाचतात. कुणी एक शब्द बोलत नाही. कोण आलं, कशासाठी आलं, कुणी कुणाला फसवलं, कोण मेलं, सगळं पायांनी आणि खांद्यांनी सांगायचं. शेवटच्या दिवशी सकाळी, ऊन वर आलं की देवी आणि महिषासुराचं युद्ध. तो पडला की बोहाडा संपला.

महिषासुर आमच्या घरचा. बाच्या आज्यापासून.

लोकांना वाटतं राक्षसाचा कसला आलाय मान. बाचं म्हणणं वेगळं होतं. "देवीचा मुखवटा कुणीही लावील," तो म्हणायचा, "पण समोर राक्षस दमदार नसला तर ती देवी दिसत नाही. तिला देवी आपण करतो." तीस वर्षं तो महादू थविलांसमोर नाचला. महादूकाका देवी, बा महिषासुर. दोघं लग्नकार्यात एका ताटात जेवायचे आणि चैत्रात एकमेकांवर तुटून पडायचे.

नेम एकच होता. सोंग ज्या घरात, त्या घरानं ते नाचवायचं. ज्या वर्षी नाचलं नाही, त्या वर्षी पंच ते उचलून दुसऱ्या घरी देतात. एकदा गेलेलं सोंग परत येत नाही.

आमच्या आंबेविहिरीचा पाटील तेव्हा जयराम महाले. गावात दोनच पक्की घरं होती आणि दोन्ही त्याची. भात भरडायची गिरणी त्याची, जीप त्याची. पण त्याच्या घरात सोंग नव्हतं. त्याचा आजा गावात मागाहून आला, तोवर मान वाटून झाले होते. बोहाड्याच्या दिवसांत हा माणूस फेटा बांधून खुर्चीवर बसायचा आणि त्याच्यासमोरून त्याच्याच गड्यांची सोंगं मिरवत जायची. ते त्याला किती झोंबत असेल हे मला आता कळतं. तेव्हा नुसता राग यायचा.

बा खाटेवर पडला त्याला दोन महिने होतात न होतात तोच पाटील आमच्या ओट्यावर आला. हातात केळी.

"लहानूदादा, वाईट झालं बघ. आता तुझ्याच्यानं काय नाचणं होतंय. घरात गडी नाय. सोंग आमच्या सुभाषकडं देऊ. पुतण्या हे माझा, पण तुझाच समज."

बाची जीभ तेव्हा नुकती फिरायला लागली होती. तो म्हणाला, "माझाबी पुतण्या हे. वसंत. खरपडीहून येतो. तो नाचवील."

"वसंत नाचला तर मान तुझा. नाय नाचला तर मग पंच बघतील."

"मी हे की घरात," मी आतून म्हणाले.

पाटील माझ्याकडे बघून हसला. मी तेव्हा चोवीस वर्षांची होते. चार वर्षं संसार करून नवऱ्याचं घर सोडून आले होते, आणि येताना रडले नव्हते. गावाचा राग त्या न रडण्यावर जास्त होता.

"तू हायेस म्हणूनच सांगतोय," पाटील म्हणाला. "नांदायचं सोडून आलेली पोरगी घरात असली म्हंजे बापाला घोर असतो. त्याच्या मागं अजून कशाला काही लावायचं?"

पाटील गेल्यावर केळी मी शेळीला घातली. सालीसकट.

बोहाड्याच्या शेवटच्या दिवसाला नऊ दिवस उरले असताना वसंताचा निरोप आला. त्याला आश्रमशाळेच्या बांधकामावर मुकादम केलं होतं, सुट्टी मिळत नव्हती. बांधकामाचा ठेका पाटलाच्या मेहुण्याकडे होता हे आईला दूधवाल्यानं सांगितलं. बा ते ऐकून भिंतीकडे तोंड करून पडला. दुपारी जेवला नाही. मी ताट घेऊन बसले ती बसलेच, आणि शेवटी म्हणाले, "मी नाचते."

तो भिंतीकडेच तोंड करून राहिला.

"मुखवट्याच्या आत कोण हे ते कुणाला दिसतंय? वसंत आला म्हणून सांगायचं."

"लोक पायताणानं मारतील," आई म्हणाली. "तिला नाय, तुम्हाला. पोरीला नाचवली म्हणून."

बा वळला. त्यानं माझे पाय बघितले. "तुला पडता येतं का?"

"पडायला काय शिकायचं?"

"तेच शिकायचं. बाकी सगळा नाच हे."

बस्स, तेवढंच. त्या दिवशी दुपारपासून गोठ्यात शाळा सुरू झाली.

शेवटच्या दिवशी पहाटे बाच्या जुन्या उपरण्यानं आईनं माझी छाती आवळून बांधली. वरून लांब बाह्यांचा काळा सदरा, धोतर, कमरेला घुंगरांचा पट्टा. हातातल्या बांगड्या काढल्या. पायांना काजळी फासली. आई काजळी फासत होती आणि रडत होती, आणि मध्येच म्हणत होती, "इकडचा राहिला बघ, कर पुढं." बाला चौघांनी खाटेसकट उचलून रिंगणाच्या कडेला नेऊन ठेवलं होतं. मग आईही गेली आणि घरात उरलो मी आणि तो मुखवटा.

सागाचा, काळा, दोन हात पसरलेली शिंगं. आत बाच्या घामाचा आणि तेलाचा वास होता. दिसायला नाकपुड्यांची दोन भोकं, त्यातून माणसांची कमरेखालची अंगं तेवढी दिसायची. डोक्यावर चढवला तेव्हा मान इतकी आवळली की मला वाटलं, आठ दिवस शिकले ते सगळं इथंच राहणार. भीती वाटली. खोटं कशाला सांगू, हात मुखवटा उतरवायला वर गेला. मग पाटलाचं ते हसणं आठवलं आणि मी दाराबाहेर पडले.

रिंगणाशी चिंतामण उभा होता. त्याचं काम पुकारा करायचं. सोंग आत आलं की ते कुणाच्या घरचं आणि नाचवतो कोण हे त्यानं मोठ्यानं सांगायचं. तसं पुकारल्याशिवाय सोंग नाचलं असं धरत नाहीत.

"लहानू भोये यांच्या घरचं सोंग! महिषासुर! नाचवणार वसंत भोये!"

किसनचा सांबळ कडाडला. पिपाणी वाजली. मी मान खाली घालून रिंगणात शिरले.

पहिली फेरी राक्षसाची एकट्याची. माती उकरायची, शिंगं घासायची, देवांना पळवून लावायचं. ती मी अशी केली की पुढं बसलेली पोरं किंचाळत मागं सरली. बाया बसतात त्या ओट्यावरून आवाज आला, "वसंता बरा नाचतोय की गं!" मुखवट्याच्या आत मला हसू फुटलं.

दुसऱ्या फेरीत देवी आली. लाल लुगडं, हातात पत्र्याची तलवार, मुखवट्याभोवती मोराची पिसं. या फेरीत देवी राक्षसाच्या मागं लागते. दोघांनी एकाच अंगानं गोल फिरायचं, तो पुढं, ती मागं. मी बानं शिकवलं तशी वळले आणि समोरून येणाऱ्या देवीवर धाडकन आदळले.

शिंग पिसांत अडकलं. महादूकाका मुखवट्याच्या आतून कुजबुजले. रिंगणात सोंगं अशी आपसांत बोलतात, ते बाहेर जात नाही.

"वसंता, डावीकडं! डावीकडं रं!"

मी शिंग सोडवलं, पुन्हा वळले, पुन्हा आदळले. तिसऱ्यांदा त्यांनी तलवार आडवी धरून मला थोपवलं आणि आमचे मुखवटे एकमेकांना टेकले.

"तू वसंत नव्हंस," ते म्हणाले. "वसंत लहानपणी लहानूच्या पाठीमागं उभा राहून शिकला. सगळे तसंच शिकतात. तू समोर उभं राहून शिकलेला दिसतोस. सगळं उलटं हे तुझं. कोण तू?"

आता ध्यानात आलं. बा डावा पाय आपटायचा तेव्हा मी समोरून उजवा उचलायची. तो डावीकडं झुकला की मी उजवीकडं. आरशात बघून वेणी घालावी तसा मी राक्षस शिकले होते. आणि बाला ते दिसलं नाही, कारण आयुष्यात कुणाला समोर उभं करून त्यानं कधी शिकवलंच नव्हतं.

"मी सोमी, काका."

त्यांनी आडवी तलवार खाली घेतली. मग ते म्हणाले, "मग आता मनात येईल त्याच्या उलट वळ. चल."

पण तेवढ्यात तलवारीच्या पत्र्यात माझी बाही अडकली. मी मागं सरले आणि बाही मनगटापासून कोपरापर्यंत टर्रकन फाटली. माझ्या दोन्ही हातांवर कोपरापर्यंत गोंदण आहे. जत्रेत आईनं करून घेतलेलं, ठिपक्यांच्या ओळी, वर तुळस. असलं गोंदण गावात एकाही गड्याच्या हातावर नव्हतं.

"अगं बया," ओट्यावरून कुणीतरी म्हणालं, "ही तर सोमी!"

सोमी, सोमी, असं रिंगणभर फिरलं. पाटील खुर्चीवरून उठला हे मला त्याच्या पांढऱ्या पायजम्यावरून कळलं.

"सांबळ थांबव!"

किसन वाजवत राहिला. "राक्षस पडल्याशिवाय सांबळ थांबत नसतो, पाटील."

"मुखवटा काढ गं! बाईनं सोंग घ्यायचं नसतं, कळत नाय? काढ म्हणतो ना!"

पंचांतला एक म्हातारा खाकरला. "जयराम, रिंगणात मुखवटा काढता येत नाय. राक्षस पडेपर्यंत नायच."

पाटलानं विचार केला असावा, कारण मग तो शांतपणे बोलला आणि त्या शांत बोलण्याचीच मला जास्त भीती वाटली.

"ठीक. महादू, तलवार लाव तिला. पोरी, तलवार लागली की पड आणि घरी जा. नाव वसंताचं पुकारलं होतं, नाचला दुसराच. तवा हे सोंग यंदा नाचलं असं धरायचं नाय. पंच बसतील, मान कुणाकडं द्यायचा ते ठरवतील. आटपा लवकर, लोक उपाशी हायेत."

म्हणजे पडले की आमचं सोंग गेलं. नाचूनही गेलं. आठ दिवसांचं शिकणं, आईचं रडणं, बाला खाटेसकट उचलून आणणं, सगळं फुकट. आणि ते पाटलाकडे जाणार हे पंच बसायच्या आधीच ठरलेलं.

तिसरी फेरी झाली. मी मनात येईल त्याच्या उलट वळले आणि एकदाही चुकले नाही. शेवटी देवीनं तलवार उचलली, माझ्या दोन शिंगांच्या मधोमध टेकवली. किसननं तीन ठोके दिले. या तिसऱ्या ठोक्याला महिषासुर पडतो. माझ्या पणज्यापासून पडत आलाय.

मी उभी राहिले.

किसननं पुन्हा तीन ठोके दिले. महादूकाकांनी तलवार पुन्हा टेकवली. मी उभीच.

असं कधी झालंच नव्हतं, त्यामुळे पुढं काय करायचं ते कुणालाच माहीत नव्हतं. राक्षस पडला नाही तर सांबळ थांबत नाही, देवी देवळात जात नाही, चूल पेटत नाही. हे सगळे त्यांचेच नेम. मी एकही मोडला नव्हता.

"पड की गं!" पाटील ओरडला.

मी शिंगं हलवली. नाही.

महादूकाका जवळ आले. त्यांना धाप लागली होती. साठी ओलांडलेला माणूस, अंगावर नऊवारी, डोक्यावर पाच शेर लाकूड. "पोरी, माझी कंबर गेली. किती वेळ?"

"माझं नाव पुकारेपर्यंत, काका."

"मग नुसती उभी नको राहू. उभ्या राहणाऱ्याला कुणी काय देत नाय. सोंग हायेस ना तू? मग सांग त्यांना."

ते दोन पावलं मागं सरले आणि तलवार जमिनीला टेकून उभे राहिले. मला जागा करून दिली. त्यांचे ते दोन पावलांचे उपकार मी मरेपर्यंत विसरणार नाही.

मी रिंगणाच्या मधोमध खाली बसले. उजवा हात मांडीवर टाकला, निपचित. उजवा पाय पसरला. डावा पाय आपटला, डावा खांदा उडवला. मग उठून समोरच्या जागी गेले आणि त्या पायाला पाय दिला, खांद्याला खांदा. पुन्हा बसले, पुन्हा उठले. एकदा बाप, एकदा लेक. असं कधी कुणी केलं नव्हतं, मलाही करायचं माहीत नव्हतं, पण किसनचा हात कळता होता. मी बसले की तो सांबळ हळू करायचा, उठले की चढवायचा. कडेला कुणीतरी हुंदका दिला. मी बघितलं नाही. मुखवट्यातून वर बघताच येत नाही, आणि बाच्या खाटेकडे बघायचं मी मुद्दाम टाळलं.

मग मी दोन्ही हात पाठीमागं बांधले, पोट पुढं काढलं आणि मान एकदा या दाराकडे, एकदा त्या दाराकडे वळवत चालायला लागले. डोक्यावर रेड्याची शिंगं तशीच. आमच्या गावात अशी चाल एकाच माणसाची होती. पहिली पोरं हसली. मग ओटे हसले. मग गडीमाणसं, तोंडावर उपरणं धरल्यासारखी दबकी. चालता चालता मी एका दाराशी थांबले, आत डोकावले, दोन्ही हात शिंगांएवढे फाकवून काहीतरी उचललं आणि काखेत मारून निघाले. हसणं एकदम वाढलं आणि मग एकदम थांबलं, कारण काय उचललं ते सगळ्यांना कळलं होतं.

"हे सोंग हे का थट्टा?" पाटील म्हणाला. "मी म्हणतो, बाईनं..."

मी महादूकाकांपाशी गेले. त्यांच्या लाल लुगड्याचा पदर दोन बोटांत धरून वर केला, गावाला दाखवला. मग माझ्या धोतराचा सोगा तसाच धरून दाखवला. पदर, सोगा. पदर, सोगा. बायांचे ओटे असे उसळले की पाटलाचं पुढचं बोलणं मला ऐकूच आलं नाही. महादूकाका मुखवट्याच्या आत हसत होते, त्यांच्या मोराच्या पिसांची सळसळ ऐकू येत होती.

शेवटी मी चिंतामणपुढं जाऊन उभी राहिले. मुखवट्याच्या लाकडी कानावर बोट आपटलं. एकदा. दोनदा. आणि थांबले.

तेव्हा किसननं ठेका बदलला. नवं सोंग रिंगणात शिरतं त्या वेळचा ठेका. आता त्यात शिकलेल्या माणसाला काय कळायचं, पण आमच्या गावात रांगणाऱ्या पोराला कळतं. हा ठेका वाजला की पुकारा झालाच पाहिजे.

"चिंतामण, खबरदार," पाटील म्हणाला.

चिंतामण गिरणीवर कामाला होता. त्याचे पाय मला दिसत होते, एक पुढं एक मागं, जावं की राहावं असे. मला त्याची कीव आली, पण मी हलले नाही.

आणि ओट्यावरून आईचा आवाज आला. लोक पायताणानं मारतील म्हणून आठ दिवस रडणाऱ्या माझ्या आईचा.

"नाव घे की रं चिंतामण! ठावं नाय का तुला? हिच्या बारशाला चार वेळा भात मागून घेतला होतास!"

"घे नाव!" दुसरी म्हणाली. मग तिसरी. मग पंचांतला तो खाकरणारा म्हातारा म्हणाला, "घे रे बाबा. भूक लागली. नाचली ती नाचली, पुकारायला काय जातंय?"

चिंतामण पुटपुटला, "लहानू भोये यांच्या घरचं सोंग. महिषासुर. नाचवणार सोमी."

मी कानावर बोट आपटलं. ऐकू आलं नाही.

"लहानू भोये यांच्या घरचं सोंग! महिषासुर! नाचवणार सोमी लहानू भोये!" या वेळी तो छाती फुगवून ओरडला. नोकरी गेलीच आहे तर मग नीट तरी ओरडू, असं त्याला वाटलं असणार. पांढरा पायजमा वळला आणि गर्दीतून बाहेर गेला. त्याला कुणी थांबवलं नाही.

मी रिंगणाच्या मध्यावर परतले. देवीनं तलवार उचलली, शिंगांच्या मधोमध टेकवली. एक. दोन. तीन. आणि मी पडले. गुडघे आधी, मग खांदा, मग शिंगं मातीत रुतवून एक गिरकी, मग पाठ. बा पडायचा तशी, फक्त उलट्या अंगानं. धुरळा उडाला. सांबळ थांबला. उदो उदोचा गजर झाला.

अजून एक गोष्ट उरली होती. राक्षस पडला की देवी त्याच्या छातीवर पाय देऊन उभी राहते आणि तलवार वर करते. ते झालं की मग देऊळ.

महादूकाका माझ्यापाशी आले आणि थांबले. त्यांचा पाय वर गेला आणि तसाच राहिला. गजर विरत गेला. दुसऱ्याच्या लेकीच्या छातीवर, सगळ्या गावासमोर, पाय कसा ठेवायचा? मागून कुणीतरी हळूच म्हणालं, "शेजारी मातीवर ठेव, महादू. चालतंय तेवढं." अजून एकानं मान डोलावली. सगळेच आता माझ्याशी चांगले वागायला निघाले होते. पाटलाच्या हसण्यानं आला नव्हता इतका राग मला त्या चांगुलपणाचा आला.

काकांचा पाय माझ्या बरगडीच्या बाजूला मातीवर टेकू लागला. मी हात काढून त्यांचा घोटा धरला.

"मातीवर नाय, काका."

"पोरी, लागंल तुला."

"माझ्या बाला लागत नव्हतं?"

त्यांनी पाय ओढून बघितला, मी घोटा सोडला नाही.

"तीस वर्षं त्याच्या छातीवर ठेवलात तसाच ठेवा. सगळा भार टाकून. नायतर मी उठते."

मी खरंच उठले असते. त्यांना ते कळलं. त्यांनी घोटा माझ्या हातातून सोडवला, पाय उचलला आणि माझ्या छातीवर ठेवला. आधी टाच, मग चवडा, मग अख्खा माणूस, लुगड्यासकट, मुखवट्यासकट. श्वास अडकला. बरगडीत काहीतरी कळवळलं. देवीनं तलवार वर केली आणि सगळं गाव पुन्हा एकदा उदो म्हणून ओरडलं, आणि मी खाली मातीत पडून, दात आवळून, मोजत होते की बावर ती जितका वेळ उभी राहायची, तितका वेळ ती माझ्यावर उभी राहते की नाही.

राहिली.